शेडिंग मळकट का होतं? एक चेंडू, आठ टप्पे

डिजिटल चित्रकला नव्याने शिकणारी मंडळी शेडिंगबद्दल विचारायला आली की पहिला प्रश्न ठरलेला: “ब्रश कुठला वापरू?” चित्र उघडून बघावं तर दुखणं भलतीकडेच असतं. कडेकडेने काळपट एअरब्रश फिरवलेला, मधला भाग उजळ, सगळं गुळगुळीत, आणि उजेड कुठून येतोय याचा पत्ता नाही. ब्रश बदलून यात काडीचा फरक पडणार नाही, कारण चुकलेला असतो कामाचा क्रम. रंग एकमेकांत मिसळणं, म्हणजे ब्लेंडिंग, हे शेवटाकडे आणि मोजक्याच जागी करायचं काम आहे. बहुतेक जण नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

खाली एकाच चेंडूवर सगळी प्रक्रिया मांडली आहे. चेंडू कंटाळवाणा वाटेल, पण गाल, नाकाचा शेंडा, हनुवटी, गुडघा हे सगळे थोडेफार चेंडूच असतात. पहिल्यांदा करताना दीड-दोन तास हाताशी ठेवा आणि टप्पे उलटसुलट करू नका.

## तयारी

स्क्रीन आधी सरळ करा. नाइट मोड, ब्लू लाइट फिल्टर, खोलीतल्या उजेडाप्रमाणे रंग बदलणारी सेटिंग, हे सगळं बंद. मी एकदा नाइट मोड चालू असताना रात्रभर बसून एक चेहरा रंगवला. स्क्रीन पिवळी दिसत होती, म्हणून नकळत मी प्रत्येक रंग निळ्याकडे ढकलत गेलो. सकाळी फोनवर उघडला तर माणूस गारठून निळा पडलेला. ब्राइटनेस मध्यम ठेवा आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

कॅनव्हास. २००० × २००० पिक्सेल, आरजीबी. डीपीआयच्या आकड्यावरून डोकेफोड करायची गरज नाही. तो छपाईच्या वेळी कामाला येतो, स्क्रीनवर मोजले जातात ते पिक्सेल.

पार्श्वभूमी पांढरी ठेवू नका. मध्यम करडा रंग भरा. पांढऱ्याशेजारी कुठलाही रंग आहे त्यापेक्षा गडद भासतो, त्यामुळे सावली हवी तितकी गडद करायला हात धजत नाही. शिवाय हायलाइट, म्हणजे उजेडाचा चमकणारा ठिपका, द्यायची वेळ येते तेव्हा पांढऱ्यावर तो उठूनही दिसत नाही.

ब्रश दोनच. एक कडक कडेचा गोल ब्रश आणि एक मऊ ब्रश. कडक ब्रशच्या सेटिंगमध्ये जाऊन पेनच्या दाबाने ओपॅसिटी (रंगाचा अपारदर्शकपणा) बदलणं बंद करा. दाबाने जाडी बदलली तर चालेल. ओपॅसिटी दाबावर सोडली की एकावर एक फटकारे पडून गोधडीसारखे डाग उमटतात आणि आपण नेमका कुठला रंग लावला हेच कळेनासं होतं. मऊ ब्रश पाचव्या टप्प्यापर्यंत उघडायचा नाही.

लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. खालून वर असे लावा आणि त्यांना नावं द्या: पार्श्वभूमी, टेबल, पडलेली सावली, चेंडूचा फ्लॅट रंग, चेंडूचं शेडिंग, हायलाइट. ‘लेअर १७’ मध्ये काय आहे हे अर्ध्या तासाने तुम्हालाही आठवत नाही.

तपासणीचा लेअर. सगळ्यात वर एक लेअर घ्या, तो पूर्ण काळ्या रंगाने भरा आणि त्याचा ब्लेंड मोड (लेअर खालच्या रंगांत कसा मिसळायचा ती सेटिंग) ‘कलर’ करा. चित्र करड्या छटांमध्ये दिसू लागेल. हा लेअर एरवी लपवून ठेवायचा आणि प्रत्येक टप्प्यानंतर क्षणभर उघडून बघायचा. कुठल्याही ब्रशपेक्षा हा जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे.

> तपासा: कडक ब्रशने एका फटकाऱ्यावर दुसरा फटकारा मारा. दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथे गडद पट्टा दिसला, तर दाबाची ओपॅसिटी अजून चालूच आहे.

## टप्पा १: उजेड ठरवा आणि काढून ठेवा

‘डोक्यात आहे’ हे पुरत नाही. वेगळ्या लेअरवर बाण काढा. आपल्या चेंडूसाठी उजेड वरून डावीकडून येतोय, घड्याळातल्या साडेदहाच्या दिशेने.

बाण कागदासारखा सपाट असतो, उजेड मात्र तसा नसतो. त्यामुळे आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: दिवा चेंडूच्या पुढे आहे की मागे? आपण थोडा पुढे, म्हणजे बघणाऱ्याच्या बाजूला धरू. दिवा अगदी आपल्या पाठीमागून आला तर चेंडू थाळीसारखा चपटा दिसतो. चेंडूच्या मागे गेला तर समोरचा जवळपास सगळा भाग सावलीत जातो. दोन्ही गोष्टी पुढे शिकता येतील, आज नको.

तिसरी गोष्ट उजेडाच्या उगमाचा आकार. लहान उगम, उदाहरणार्थ उघडा बल्ब, सावलीची कड धारदार करतो. मोठा उगम, म्हणजे ढगाळ आकाश किंवा मोठी खिडकी, ती मऊ करतो. बाणाशेजारी ‘लहान’ किंवा ‘मोठा’ असं लिहूनच टाका.

> सावधान: उजेड एकच. दुसरा दिवा, मागून येणारी निळी कड, चमकदार रिम लाइट (वस्तूच्या कडेवरची चकाकी) असल्या गोष्टी पहिला दिवा पक्का बसल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

## टप्पा २: फ्लॅट रंग आणि मास्क

चेंडूचं वर्तुळ काढा आणि एकाच रंगाने भरा. नारिंगी घेऊ. ह्यू (रंगाची जात) साधारण २५°, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ५०, ब्राइटनेस ९०. सगळ्यात उजळ, झगझगीत नारिंगी इथे वापरलात तर पुढे उजेडाला वर सरकायला जागाच उरत नाही.

बकेट टूलने भरताना रेषेला लागून पांढरट फट राहते. फिलच्या सेटिंगमध्ये भरलेला भाग १-२ पिक्सेलने वाढवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती वापरा.

आता शेडिंगचा लेअर फ्लॅट रंगाच्या वर ठेवून त्याला क्लिपिंग मास्क करा. म्हणजे कितीही बेफिकीर ब्रश फिरवला तरी रंग चेंडूबाहेर जाणार नाही. प्रोक्रिएटमध्ये लेअरवर टॅप केल्यावर हा पर्याय येतो, आयबिस पेंटमध्ये लेअरच्या खिडकीत ‘क्लिपिंग’ असतो, फोटोशॉपमध्ये ऑल्ट धरून दोन लेअरच्या मधल्या रेषेवर क्लिक केलं की झालं. क्रिटा वापरणारे मात्र इथे हमखास अडकतात. तिथल्या ‘इनहेरिट अल्फा’ला खालच्या फक्त एका लेअरशी देणंघेणं नसतं, तो त्या ग्रुपमधल्या खालच्या सगळ्या लेअरचा मिळून आकार धरतो. खाली पार्श्वभूमी भरलेली असेल तर काहीच क्लिप होत नाही. म्हणून चेंडूचा फ्लॅट आणि त्याचं शेडिंग एका वेगळ्या ग्रुपमध्ये टाका.

अल्फा लॉक, म्हणजे लेअरचा रिकामा भाग कुलूपबंद करणं, यानेही रंग आकाराच्या आतच राहतो, पण तो फ्लॅट रंगावरच चढतो. सावली काढून टाकावीशी वाटली तर परतीची वाट नाही. शिकताना क्लिपिंगच वापरा.

> तपासा: चेंडूखाली तात्पुरता एखादा भडक रंगाचा लेअर ठेवा. आत कुठे भोक किंवा अर्धवट भरलेली जागा असेल तर लगेच उघडी पडते.

## टप्पा ३: फक्त दोन भाग

सगळा लेख या टप्प्यासाठी लिहिला म्हटलं तरी चालेल.

चेंडूवरची प्रत्येक जागा एक तर उजेडात आहे किंवा सावलीत. मधलं काही नाही, निदान आत्ता तरी नाही. या दोन भागांमधली रेषा, तिला आपण हद्द म्हणू, कडक ब्रशने स्वच्छ काढायची आणि पलीकडचा भाग एकाच सपाट रंगाने भरायचा.

हद्द अंदाजाने काढू नका, ती कुठे असते हे ठरलेलं आहे. चेंडूवर ही हद्द एक मोठं वर्तुळ असते, पण आपल्याला ती तिरकी दिसते, म्हणून लंबवर्तुळाच्या अर्ध्या भागासारखी भासते. तिची दोन टोकं चेंडूच्या बाह्यरेषेला एकमेकांसमोर टेकतात, आणि त्यांना जोडणारी रेषा बाणाच्या दिशेला काटकोनात असते. उजेड साडेदहाला, म्हणजे टोकं दीड आणि साडेसातला. ही दोन टोकं आधी ठिपक्यांनी मांडा. दिवा आपल्याकडे थोडा पुढे आहे, म्हणून या दोन ठिपक्यांमधली हद्द खाली उजवीकडे फुगलेली येईल आणि सावलीची कोर तयार होईल. दिवा बरोबर बाजूला असता तर हीच हद्द सरळ रेष झाली असती. तिची फुगी वाढवली की उजेड पुढे सरकतो, कमी केली की बाजूला जातो. हद्द दोन-तीनदा पुसून वेगवेगळी काढा आणि दिवा सरकताना बघा. शेडिंग डोक्यात शिरतं ते इथे.

सावलीने चेंडूचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापला तर बरं दिसतं. अगदी अर्धा-अर्धा केला की डोळा गोंधळतो, दोन्ही बाजू सारखाच हक्क सांगू लागतात.

सावलीचा रंग: शेडिंगचा लेअर मल्टिप्लाय मोडवर ठेवून त्यात फिका जांभळट-निळा भरणं ही सोपी वाट. मल्टिप्लाय काय करतो हे एकदा समजून घ्या. तो लाल, हिरवा, निळा या तिन्हींचे आकडे वेगवेगळे गुणतो आणि २५५ ने भागतो. खालचा आकडा २००, वरचा १५०, तर उत्तर साधारण ११८. वरचा पांढरा असेल तर काहीच बदलत नाही, काळा असेल तर सगळं काळं. म्हणजे मल्टिप्लाय फक्त गडद करू शकतो, आणि करडा रंग दिलात तर निव्वळ काळपटपणा देतो. मळकट शेडिंगचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. दुसरी वाट म्हणजे नॉर्मल मोडवर सावलीचा रंग स्वतः निवडणं. ती शिकायला जरा अवघड जाते, पण हात पक्का करते. आज मल्टिप्लायने करा, पुढच्या चेंडूला नॉर्मलने.

गडदपणा किती? करड्या तपासणीत उजेडाचा भाग १०० पैकी ७० च्या आसपास आणि सावली ३५-४० च्या आसपास दिसली पाहिजे. नवशिक्यांची सावली हमखास ६० वर अडकलेली असते. भीती वाटते, दुसरं काही नाही.

> तपासा: झूम कमी करून चेंडू नखाएवढा करा आणि डोळे बारीक करून बघा. फक्त दोन सपाट रंगांत तो गोल वाटतोय का? वाटत नसेल तर हद्द चुकली आहे. पुढे जाऊन ब्लेंड केल्याने चूक दुरुस्त होत नाही, झाकली जाते.

## टप्पा ४: पडलेली सावली

चेंडूच्या अंगावरची सावली वेगळी आणि त्याने टेबलावर टाकलेली सावली वेगळी. ही दुसरी चेंडूखालच्या स्वतंत्र लेअरवर काढायची.

आकार चपट्या लंबवर्तुळाचा, टेबल जितक्या तिरक्या नजरेतून दिसतं तितका चपटा. दिशा दिव्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे उजवीकडे. आपला दिवा थोडा पुढे आहे, म्हणून सावली किंचित मागे, टेबलावर वरच्या बाजूला सरकेल. दिवा उंच असेल तर ती आखूड, खाली असेल तर लांब.

रंग टेबलाचाच, गडद केलेला. चेंडूचा नारिंगी गडद करून तो इथे लावायचा नाही आणि काळाही लावायचा नाही. चेंडू जिथे टेबलाला टेकतो तिथे एक बारीक, जवळपास काळी फट द्या. त्या जागी उजेड शिरतच नाही. एवढ्याशा रेघेने चेंडू टेबलावर बसतो. ती नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही तो हवेत तरंगतो.

कडेचं गणित असं: वस्तूच्या जवळ सावलीची कड धारदार, दूर जाईल तशी मऊ. सगळीकडे सारखी ब्लर केलेली सावली म्हणजे घाईघाईत लावलेलं ड्रॉप शॅडो. डोळा ते लगेच पकडतो.

> सावधान: एकाच दिव्याच्या दोन सावल्या एकमेकांवर आल्या तरी त्या भागात गडदपणा दुप्पट होत नाही. उजेड एकदा अडला की अडला, दुसऱ्यांदा अडायला तो उरलेलाच नसतो. मल्टिप्लायचे दोन लेअर एकमेकांवर चढून गडद ठिगळ दिसत असेल, तर दोन्ही सावल्या एकाच लेअरवर आणा. केसांची सावली कपाळावर, हाताची सावली अंगावर, इथे ही चूक सर्रास होते.

## टप्पा ५: आता हद्द मऊ करा

मऊ ब्रश आता उघडायचा, तोही फक्त हद्दीवर आणि पडलेल्या सावलीच्या दूरच्या कडेवर. बाहेरची कड, टेकण्याची फट, पडलेल्या सावलीची जवळची कड, या तिघींना त्याने शिवायचं नाही.

चेंडूवर उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या वेगाने कमी होत जात नाही. मॅट (चमक नसलेला) पृष्ठभाग उजेडाकडे सरळ तोंड करून असेल तिथे पूर्ण उजेड पडतो. त्यापासून ६०° वळला तरी निम्मा उजेड मिळतोच. ९०° ला शून्य. म्हणजे उजेडाचा बराचसा भाग बऱ्यापैकी सपाट आणि उजळ राहतो, आणि हद्दीच्या जवळ आल्यावर तो झपकन खाली येतो. ग्रेडियंट टूलने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा रंग ओढला की चेंडू धुरकट दिसतो, त्याचं कारण हेच.

करायचं असं. उजेड आणि सावलीच्या मधला एक रंग घ्या आणि त्याचा अरुंद पट्टा हद्दीच्या उजेडाकडच्या बाजूने, कडक ब्रशनेच, हद्दीला समांतर ओढा. मल्टिप्लायवर काम करत असाल तर सावलीच्याच रंगाची फिकी छटा घ्या. आता तीन पायऱ्या दिसतील. त्यानंतर मऊ ब्रश, ओपॅसिटी ३०-४०, आकार चेंडूच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश. दोन पट्टे जुळतात तिथला रंग आयड्रॉपरने उचला आणि तिथेच हलका फटकारा मारा. पुन्हा उचला, पुन्हा मारा. सात-आठ फटकाऱ्यांत काम होतं. त्याहून जास्त लागत असतील तर मधल्या पट्ट्याचा रंग चुकला आहे, तो बदला.

स्मज टूलला (बोटाने फासल्यासारखे रंग मिसळणारं साधन) माझा विरोध नाही, पण सुरुवातीला ते वापरू नये या मताचा मी आहे. ते रंग निवडण्याची जबाबदारी आपल्याकडून काढून घेतं, आणि सगळ्या चित्राला तेल लावल्यासारखा तुकतुकीतपणा येतो.

कडांबद्दल इथेच सांगतो. गोलाई असेल तिथे मऊ कड. कोपरा असेल तिथे धारदार. खोक्याच्या दोन बाजूंमध्ये ब्लेंडिंग नसतंच. आणि गडद भाग गडद भागाला भिडतो तिथे कड हरवू द्यायची, रेषेने ती पुन्हा कोरत बसू नये. सेल शेडिंग (कार्टूनसारखं सपाट छटांचं शेडिंग) करणारे तर हा टप्पा बराचसा गाळतात आणि तिसऱ्या टप्प्याच्या स्वच्छ हद्दीवरच थांबतात. चित्र तरीही उत्तम दिसतं.

> तपासा: करडा लेअर उघडा. उजेड आणि सावली अजूनही दोन स्पष्ट गट वाटतात का? सगळं मधल्या करड्यात विरघळलं असेल तर अनडू करत मागे या.

## टप्पा ६: सावलीच्या आत

सावली अगदी सपाट नसते. टेबलावर पडलेला उजेड उसळून चेंडूच्या खालच्या भागावर येतो, हा परावर्तित उजेड. तो खालच्या कडेजवळ सावलीला थोडं उजळतो, आणि त्यामुळे हद्दीलगतचा पट्टा सावलीच्या अंगावरचा सगळ्यात गडद भाग ठरतो. त्याला कोअर शॅडो म्हणतात.

नियम एकच, पण पाठच करा: सावलीतला सगळ्यात उजळ भाग हा उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच हवा. परावर्तित उजेड दाखवायचा उत्साह इतका असतो की खालची कड वरच्या उजेडाइतकी चमकू लागते आणि चेंडू पोकळ काचेचा दिसतो. करड्या तपासणीत असे आकडे आले की पुरे:

- उजेडाचा मुख्य भाग: ७०
- हद्दीजवळचा मधला पट्टा: ५५
- कोअर शॅडो: ३०
- परावर्तित उजेड: ४०
- टेकण्याची फट: १०

आकडे दगडावरची रेघ नाहीत, पण त्यांचा चढता-उतरता क्रम बदलायचा नाही. आणि परावर्तित उजेडात टेबलाचा रंग येतो. हिरव्या टेबलावर नारिंगी चेंडूची खालची कड किंचित हिरवट-मातकट, पांढऱ्या टेबलावर नुसती उजळ.

## टप्पा ७: हायलाइट

हायलाइट म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब. म्हणून तो उजेडाकडे सरळ तोंड केलेल्या जागी नसतो. त्या जागेच्या आणि आपल्याकडे तोंड केलेल्या जागेच्या अधेमधे पडतो. आपल्या चेंडूवर मध्यापासून साडेदहाच्या दिशेला, कडेच्या बराच आत. कडेला चिकटवलेला पांढरा ठिपका बघितला की समजावं, सवयीने लावलाय.

गुळगुळीत, चकचकीत वस्तूवर तो लहान आणि धारदार. खरखरीत असेल तर पसरट आणि फिका. टेनिसच्या चेंडूला नसतोच, तिथे हा टप्पा सोडून द्या. रंग शुद्ध पांढरा नको, उजेडाच्या रंगाकडे झुकलेला घ्या. ॲड किंवा ग्लो (खालचा रंग उजळवणारे ब्लेंड मोड) वापरायचे तर ओपॅसिटी निम्म्याखाली. नाहीतर रंग करपून पांढराफटक डाग उरतो.

## टप्पा ८: रंग जिवंत करणं

छटांचा क्रम बरोबर आला, करड्यात चेंडू गोल दिसतोय, आता रंग. सावलीसाठी रंग निवडताना फक्त ब्राइटनेसची पट्टी खाली ओढली की मूळ रंगात काळं मिसळल्यासारखं होतं. तिन्ही पट्ट्या हलवा: ब्राइटनेस २५ ते ३५ ने खाली, सॅच्युरेशन ५ ते १० ने वर, आणि ह्यू १० ते १५ अंशांनी सरकवा. नारिंगी २५° वरून १२° कडे, पिवळा ६०° वरून ४५° कडे, निळा २२०° वरून २३५° कडे. पिवळ्याला हिरव्याकडे सरकवलात तर आजारी दिसतो.

उजेड ऊबदार असेल तर सावली थंड आणि उलट, हा नियम सुरुवातीला कामाचा आहे. उन्हातल्या सावल्या निळसर दिसतात कारण तिथे सूर्य अडतो पण निळ्या आकाशाचा उजेड पोचतोच. बंद खोलीत हा नियम मोडू शकतो, तेव्हा तो डोळे मिटून लावू नका.

त्वचा किंवा मेणासारख्या अर्धपारदर्शक गोष्टींमध्ये हद्दीच्या आसपास रंग जास्त भरलेला दिसतो, कारण थोडा उजेड आत शिरून बाहेर येतो. चेहऱ्यावर हद्दीला लालसर नारिंगीचा अरुंद पट्टा दिला की कातडी लाकडी वाटत नाही.

> सावधान: रंगाच्या खिडकीतला ब्राइटनेसचा आकडा फसवा आहे. पूर्ण पिवळा आणि पूर्ण निळा, दोन्हींचा ब्राइटनेस तिथे १००. प्रत्यक्षात पांढऱ्याच्या तुलनेत पिवळा स्क्रीनवर सुमारे ९३ टक्के उजेड फेकतो आणि निळा जेमतेम ७ टक्के. म्हणून छटा मोजायच्या त्या करड्या लेअरने, रंगाच्या खिडकीतून नाही.

## बिघडलेलं चित्र हातात असेल तर

सगळीकडून कडा गडद आणि मध्य उजळ, म्हणजे उशीसारखं फुगलेलं शेडिंग: शेडिंगचा लेअर लपवा, बाण काढा, तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा. दुरुस्ती करत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

चित्र मळकट असेल तर मल्टिप्लायच्या लेअरचा रंग तपासा. करडा किंवा काळा सापडला तर ह्यू-सॅच्युरेशनने त्यालाच जांभळ्या किंवा तपकिरी बाजूला सरकवा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

प्लास्टिकसारखं दिसत असेल तर दोन शक्यता. हायलाइट सगळीकडे आहेत, किंवा एकही धारदार कड उरलेली नाही. आधी हायलाइट बंद करून बघा.

फोनवर चित्र वेगळंच दिसतंय? तयारीतली स्क्रीनची सेटिंग बघा. तरीही वेगळं असेल तर एक्स्पोर्ट करताना कलर प्रोफाइल एसआरजीबी आहे ना, ते तपासा.

आणि कशानेच उलगडा होत नसेल तर कॅनव्हास आडवा उलटा करा. क्रिटामध्ये एम दाबलं की पुरे. आपल्याच चुका अनोळखी माणसाच्या वाटतात, आणि परक्याच्या चुका चटकन दिसतात.

## चेंडूनंतर काय

खोका घ्या. तिथे हद्द शोधायची गरजच नाही, कोपरे ती देतात. तीन बाजूंना तीन सपाट छटा, ब्लेंडिंग शून्य. त्यानंतर नळकांडं, जिथे एका दिशेने गोलाई आणि दुसऱ्या दिशेने सपाटपणा, त्यामुळे हद्द उभी सरळ रेष येते. मग अंडं. प्रत्येकाला दोनदा, उजेडाची दिशा बदलून.

चेहऱ्याकडे त्यानंतर वळा. वरून उजेड असेल तर सावलीत काय जाईल हे आधीच सांगता येतं: भुवयांखालची खोबण, नाकाची खालची बाजू, वरचा ओठ, खालच्या ओठाखालची खाच, हनुवटीखाली मान. खालचा ओठ मात्र वर तोंड करून असतो, तो उजेडात. नवशिके दोन्ही ओठ एकाच छटेने भरतात आणि तोंड चिकटवल्यासारखं दिसतं. या पाच जागा एका सपाट रंगाने भरा आणि चित्र नखाएवढं करून बघा. माणूस ओळखू येत असेल तरच मऊ ब्रश उघडा.